विषय: शनिवारचा चित्रपट – १९१ मिनिटं की १३०? (उद्या दुपारपर्यंत कळवा)

प्रेषक: मिलिंद (चित्रपट उपसमिती)

मंडळी,

टूम्बस्टोन गावच्या सहलीची बस ठरली, पैसेही बहुतेकांचे आले. त्याच्या आधीच्या शनिवारचा चित्रपट मात्र अजून लोंबकळतोय. बैठकीत १९९४चा 'वायट अर्प' (टूम्बस्टोनच्या गोळीबारातल्या त्या अर्पवरचा) म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, पण लांबी कुणीच पाहिली नव्हती. १९१ मिनिटं! हॉल सहाला मिळतो आणि दहाच्या ठोक्याला किल्ली परत द्यायची. खुर्च्या लावणं-उचलणं, जेवण आणि सुहासचं पाच मिनिटांचं प्रास्ताविक (हसू नका) धरलं तर बसत नाही.

१९९३चा 'टूम्बस्टोन' (तोही अर्पवरचाच) १३० मिनिटांत संपतो, पण त्याला 'आर' आहे (सतराखालच्यांना मोठ्यांसोबतच). १९९४च्याला सौम्य 'पीजी-१३' आहे आणि निम्मी मंडळी मुलांसकट येणार. म्हणजे मुलांना चालतो तो वेळेत बसत नाही, वेळेत बसतो तो मुलांना चालत नाही.

परवाना त्या त्या चित्रपटाचा घ्यावा लागतो, खेळ फुकट ठेवला तरी. उद्या दुपारी मला नाव कळवायचंय. मतं द्या. फक्त मतं.

मिलिंद


प्रेषक: वृंदा

मिलिंद, मध्यंतर कुठे आहे ते आधी सांग. गेल्या वेळी मध्यंतरच नव्हतं आणि नऊ वाजता लोकांनी अंधारात पिठलं-भात खाल्ला. गालिच्यावरचे डाग कुणी काढले ते इथे लिहीत नाही, त्यांना माहीत आहे.

मोठा चित्रपट लावायचा तर पहिला तास सोडून द्या. मी पाहिलाय. पहिल्या तासात तो नुसता मोठाच होतोय.


प्रेषक: सुहास

> पहिला तास सोडून द्या

वृंदाताई, असं कापता येत नाही. आयोवाचं शेत, बाप, पहिल्या बायकोचा मृत्यू, हे काढलं तर पुढे तो माणूस असा का वागतो ते कळणारच नाही. वर डेनिस क्वेडने अर्पच्या मित्रासाठी, डॉक हॉलिडेसाठी, जे वजन उतरवलं ते बघण्यासारखं आहे. क्षयाचा रोगी पडद्यावर खरोखर क्षयाचा दिसतो.

'टूम्बस्टोन'ला माझा विरोध आहे आणि तो जुना आहे (२०१८च्या सहलीच्या वेळचा धागा पाहावा). त्यात ओ. के. कोरल या गोठ्याजवळच्या गोळीबाराच्या (अर्प बंधू आणि डॉक विरुद्ध क्लँटन मंडळी) आधी गावातल्या बर्ड केज थिएटरात नाटक चालू दाखवलंय. गोळीबार २६ ऑक्टोबर १८८१चा आणि बर्ड केज उघडलं त्याच वर्षीच्या डिसेंबरात! पुढे वायटच्या भावांपैकी व्हर्जिलवरचा हल्ला आणि मॉर्गनचा खून एकाच वादळी रात्री उरकलेत. व्हर्जिलवर गोळ्या झाडल्या २८ डिसेंबरला, मॉर्गन मेला १८ मार्च १८८२ला. मधले जवळजवळ तीन महिने गेले कुठे? आणि न्यायाधीश स्पायसरसमोर गोळीबाराची महिनाभर सुनावणी चालली, तिचा पत्ताच नाही. आज आपल्याला त्या अर्ध्या मिनिटाबद्दल जे काही कळतं त्यातलं बरंचसं त्या साक्षींमुळेच कळतं.

सुहास


प्रेषक: अनघा

सुहासदादा, तारखा तुमच्या, कपडे माझे. १९९३च्या चित्रपटातले कपडे एकदा नीट बघा. लोकरी कोट, वेस्टकोट, कडक कॉलर, प्रत्येकाची टोपी वेगळी, आणि मिशा बऱ्याच जणांनी खऱ्या वाढवलेल्या. अॅरिझोनाच्या उन्हात ते कपडे घालून काम करायचं म्हणजे काय हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. शिवाय चित्रीकरण आपल्याच राज्यात, मेस्कल आणि ओल्ड टूसॉनला. १९९४वाला बराचसा न्यू मेक्सिकोत उरकलाय.

पन्नाशीच्या दशकातले चित्रपट पाहा म्हणजे फरक कळेल. नायकाची जीन्स घट्ट, इस्त्रीची, आणि कमरेला पट्टा ओवायला लूप. लीवाय स्ट्रॉसच्या पँटला लूप लागले १९२२ साली! तोवर गॅलिस लावायला बटणं असायची. पिस्तुलाचं म्यान मांडीवर खाली बांधलेलं, झटकन उपसायला, तेही सिनेमावाल्यांचंच. जुन्या फोटोंत म्यान कमरेशी, वर असतं. मी मंडळाच्या नाटकांचे कपडे इतकी वर्षं करतेय, मला या गोष्टी आधी दिसतात आणि एकदा दिसल्या की गोष्टीकडे लक्षच राहत नाही.

माझं मत १३०.


प्रेषक: शरद

चि. मिलिंद यास अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोन्ही नवेच चित्रपट धरून बसला आहात. दिग्दर्शक जॉन फोर्डचा 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' ९७ मिनिटांचा आहे. १९४६चा. हेन्री फोंडा. त्यात शिवीगाळ नाही, मुलांना चालेल, आजी-आजोबांना चालेल आणि वृंदाच्या जेवणाला तासभर वेळ मिळेल. मी तो पुण्यात मॅटिनीला पाहिला, कॉलेज बुडवून. अर्धवट बांधलेल्या चर्चच्या पायावर रविवारी सकाळी सगळं गाव नाचतं आणि हा अवघडलेला मार्शल अर्प क्लेमेंटाइनचा हात धरून त्यात जातो. नुसत्या त्या प्रसंगासाठी लावा.

फोर्ड सांगत असे की गोळीबार कसा झाला ते त्याला खुद्द अर्पने सांगितलं होतं. तेव्हा खरेपणाचीही चिंता नको.

शरदकाका


प्रेषक: सुहास

काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण खरेपणाची चिंता नको???

अर्प १९२९ला लॉस एंजेलिसमध्ये वारला. उतारवयात त्याची सिनेमावाल्यांत ऊठबस होती, तेव्हा फोर्डला भेटला असेलही. मग त्याने सांगितलं काय? चित्रपटात म्हातारा क्लँटन गोळीबारात लढतो. तो त्याच्या दोन महिने आधी, ऑगस्टमध्ये, मारला गेला होता. डॉक हॉलिडे त्यात मरतो. खरा डॉक १८८७च्या नोव्हेंबरात कोलोरॅडोत ग्लेनवुड स्प्रिंग्जला अंथरुणावर गेला. तो दातांचा डॉक्टर होता, इथे त्याला शस्त्रक्रिया करायला लावलंय. मार्शल वायट नव्हताच, बिल्ला होता थोरल्या भावाकडे, व्हर्जिलकडे. आणि साल १८८२ दाखवलंय.

मागे ते लाल सुळके दिसतात ते तर मॉन्युमेंट व्हॅलीचे, राज्याच्या पार वरच्या टोकाला, युटाच्या सीमेवर. पुढच्या शनिवारी बसमधून उतरल्यावर मुलं विचारतील, डोंगर कुठे गेले? काय सांगायचं?


प्रेषक: शरद

सांगायचं की फोर्डला ते आवडले म्हणून त्याने आणले. डॉक कुठे वारला याच्यावर मी त्या दिवशी तिकीट काढलं नव्हतं.


प्रेषक: प्रकाश

बसमध्ये अजून दोन जागा मिळतील का? सौ.च्या बहिणीचं कुटुंब येतंय.


प्रेषक: रोहन

सगळ्यांना नमस्कार. मी सहसा फक्त वाचतो, पण हा विषय शाळेत शिकवतो म्हणून राहवत नाही.

बटणं आणि तारखा तुम्ही बघताय, पण पडद्यावर माणसं कोण आहेत तेही बघा ना. तेव्हाच्या गुराख्यांत साधारण चारातला एक कृष्णवर्णीय होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे, मेक्सिकन वाकेरो, म्हणजे तिकडचे गुराखी, वेगळे. दोरी फेकण्यापासून खोगिरापर्यंत सगळं काम मुळात या वाकेरोंचंच. जुन्या चित्रपटांत ते दिसतात का? टूम्बस्टोनमध्ये चिनी वस्ती होती, ती तर क्वचितच दिसते. आणि सगळा मुलूख चिरिकाहुआ अपाची या मूळ रहिवासी लोकांचा. ज्याच्या स्टुडिओशेजारी गोळीबार झाला त्याच फोटोग्राफरने, फ्लायने, १८८६त अपाचींच्या जेरोनिमोचे फोटो काढले. हे मुलांना सांगितलं की ती एकदम सरसावून बसतात.

फोर्डच्या चित्रपटांत अपाची, कोमांची, शायेन, कुणीही असो, पडद्यावर बहुतेक नाव्हाहो असत, कारण मॉन्युमेंट व्हॅलीत राहणारे ते. १९६४च्या 'शायेन ऑटम'मध्ये शायेन लोक नाव्हाहो भाषेत बोलतात. नाव्हाहो प्रेक्षकांना ते कळायचं आणि थिएटरात हशा पिकायचा, कारण नट वाटेल ते बोलून घ्यायचे.

मतदान: १३०. पण मुलांचं काय ते ठरवा.


प्रेषक: अनघा

> नाव्हाहो प्रेक्षकांना ते कळायचं

रोहन, हे मला माहीत नव्हतं! पण 'डान्सेस विथ वुल्व्ह्ज'मध्ये तर लकोटा भाषा मुद्दाम शिकवली होती ना? तेव्हा केवढं कौतुक झालं होतं.


प्रेषक: रोहन

हो, १९९०चा. डोरिस लीडर चार्ज या लकोटा बाईंनी शिकवली आणि त्या स्वतः त्यात कामही करतात. पण रसेल मीन्सने (चळवळीतले नेते, स्वतः लकोटा) टीका केली की त्या भाषेत पुरुषांची आणि बायकांची बोलण्याची रीत वेगळी असते आणि नायक कॉस्टनरसकट काही योद्धे बायकांसारखं बोलतात. 'मी लढायला जाते' म्हणणारा मावळा डोळ्यांसमोर आणा. तरी तो चित्रपट मी वर्गात दाखवतो. पूर्वी कुणी एवढीही तसदी घेत नव्हतं.


प्रेषक: वृंदा

हे सगळं फार छान आहे. मध्यंतर कुठे आहे?


प्रेषक: सुहास

अनघा, कपड्यांचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. त्याच चित्रपटात वायटच्या हातात लांब नळीचं बंटलाइन पिस्तूल आहे. ते स्टुअर्ट लेकच्या १९३१च्या चरित्रातून आलंय आणि अर्पकडे तसलं पिस्तूल असल्याचा पुरावा मिळत नाही. वायटला नायक केलं तेही त्याच पुस्तकाने. सिनेमावाले पन्नास वर्षं तेच उकरत बसले.

धुराबद्दल मात्र 'टूम्बस्टोन'ला गुण देतो. १८८१ साली काळी दारू होती, बिनधुराची अजून आली नव्हती. पंधरा-वीस फूट रुंदीच्या बोळात, समोरासमोर, तीस सेकंदांत तीसेक गोळ्या. दहा-बारा बारांनंतर कुणाला काय दिसणार? म्हणून तर पहिली गोळी कुणी झाडली यावर साक्षीदारांचं एकमत झालं नाही. चित्रपटात तो धूर आहे, डॉकच्या लांब कोटाखाली दडवलेली शॉटगन आहे, पळून जाणारा आइक क्लँटन आहे, आणि जागाही फ्लायच्या घराशेजारची आहे, गोठ्यातली नाही. गोळीबार ताणलाय, पण याच गोळीबारावरच्या १९५७च्या लँकेस्टर-डग्लसवाल्या चित्रपटाइतका नाही. त्यात तर लढाई मोहिमेसारखी चालते.

आणि मुळात भांडण कशावरून? गावात शस्त्र बाळगायला बंदी होती, ठराव क्रमांक ९. क्लँटन मंडळींची हत्यारं काढून घ्यायला हे चौघे (तीन अर्प भाऊ आणि डॉक) गेले. वाइल्ड वेस्ट म्हणजे ज्याच्या त्याच्या कमरेला पिस्तूल, ही समजूत तिथेच गळून पडते. हे प्रास्ताविकात सांगणार आहे.


प्रेषक: मिलिंद

सुहास, म्हणजे तुझं मत १३० ला धरू का?


प्रेषक: सुहास

असं मी म्हटलेलं नाही.


प्रेषक: संयोजक (मेलिंग लिस्ट)

सूचना: 'रिप्लाय ऑल' जपून वापरा. दिवाळी अंकाच्या जाहिरातींच्या दोन मेल या धाग्यात हरवल्या. चित्रपटांच्या गुणवत्तेवरील चर्चा वेगळ्या विषयाखाली घ्यावी.

(वैयक्तिक मत: 'अनफर्गिव्हन'. १९९२. पाऊस, चिखल आणि नेम न लागणारा म्हातारा. यापेक्षा खरं काही नाही.)


प्रेषक: शरद

संयोजकांशी सहमत. कंसातल्याशी.


प्रेषक: मिलिंद

मंडळी, दुपार झाली. निर्णय:

'टूम्बस्टोन', १९९३, १३० मिनिटं. ६:२० ला सुरू, साडेआठला संपला पाहिजे. मध्यंतर नाही, जेवण नंतर, दिव्यांच्या उजेडात, टेबलांवर. वृंदाताई, गालिच्याची जबाबदारी माझी.

'आर'मुळे: लहान मुलांसाठी शेजारची खोली घेतली आहे, तिथे रोहन फ्लायचे फोटो दाखवेल (विचारलंय, हो म्हणाला). सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या हॉलमध्ये बसवायचं की नाही हे पालकांनी ठरवावं, पण सोबत बसावं. इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवणार, कारण डॉकचं दक्षिणी बोलणं मागच्या रांगेत कुणालाच कळत नाही.

'क्लेमेंटाइन' फेब्रुवारीच्या ज्येष्ठ कट्ट्याला, दुपारी. काका, प्रास्ताविक तुमचं. त्या दिवशी सुहास पाहुणा म्हणून येईल, बोलणार नाही.

सुहास, तुझं टिपण एकच पान. आणि ते चित्रपटानंतर वाटायचं, आधी नाही.

प्रकाश, दोन नाही, एक जागा आहे.


प्रेषक: सुहास

एका पानात बर्ड केज, स्पायसर आणि ठराव ९ बसत नाहीत. दोन्ही बाजूंनी छापलं तर एकच पान धरणार का?

आणि बेन्सनच्या अलीकडे मेस्कलचा फाटा लागतो. चित्रपटातलं गाव तिथे अजून उभं आहे. बस थांबवता येईल का? आधी चौकशी करावी लागेल, ती मी करतो.


प्रेषक: वृंदा

बस थांबणार असेल तर डबे तिथेच सोडू. मला संख्या रविवारपर्यंत हवी. प्रकाश, तुमच्याकडचे नक्की किती?