आधी डस्टिंग की आधी केर? एका काकांच्या फतव्याला उत्तर

सांडगी_मिरची:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एका काकांनी फतवा काढला. "आधी व्हॅक्यूम, मग डस्टिंग. व्हॅक्यूमने उडालेली धूळ फर्निचरवर बसते, म्हणून आधी डस्टिंग करणाऱ्या भगिनी दुप्पट काम करतात." भगिनी! खाली ढीगभर अंगठे. तिथे उत्तर दिलं की विषय पार्किंगवर जातो, म्हणून इथे लिहितेय.

काका, कधी पंखा पुसलाय? पात्याच्या पुढच्या कडेला काळपट, चिकट थर बसतो. फडकं लागलं की त्याच्या वळ्या होतात आणि टपाटप पलंगावर, जमिनीवर पडतात. (जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवून ओढला तर बऱ्याचशा आतच राहतात, सगळ्या नाही.) जमीन आधीच चकाचक करून ठेवली असेल तर त्या वळ्या कोण उचलणार? भगिनीच ना?

जळमटं, पंखे, ट्यूबलाइट, कपाटांचे माथे, मग शोकेस, टीव्ही, खिडकीच्या स्लायडिंगच्या खाचा, आणि सगळ्यात शेवटी जमीन. आजी असंच करायची, आई असंच करायची, दिवाळीआधी घर काढतात तेव्हा अख्खा महाराष्ट्र असंच करतो. आधी केर काढून मग माळा झाडणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. यात चर्चा करण्यासारखं काही नाही, तरी करा.

बिनसाखरेचा:
काकांची बाजू कोणी घेणार नाही, म्हणून मी घेतो. "आई असंच करायची" हा काही पुरावा नव्हे. मला धुळीची ॲलर्जी आहे, त्यामुळे हा विषय माझ्या नाकाशी निगडित आहे.

दिसणारी धूळ लगेच खाली पडते, तिच्याबाबत तुमचं बरोबर. त्रास देते ती न दिसणारी. 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर हवेत डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला आठ-दहा मिनिटं लावतो, अडीच मायक्रॉनचा दोनेक तास, एक मायक्रॉनचा जवळजवळ अर्धा दिवस. साधा पिशवीवाला व्हॅक्यूम पुढून ओढतो आणि मागून हीच पूड घरभर फुंकतो. झाडूचं तर बोलायलाच नको. हेपा फिल्टर असेल तर गोष्ट वेगळी, तो 0.3 मायक्रॉनचेही 99.97 टक्के कण अडवतो. किती घरांत आहे? बाकी सगळ्यांनी शेवटी जमीन केली की ती पूड पुसलेल्या टीव्हीवर बसणार म्हणजे बसणार.

सांडगी_मिरची:
मग तुमची पूड अर्धा दिवस तरंगत असताना तुम्ही डस्टिंगला रात्रीपर्यंत थांबता का? की लगेच फडकं मारता आणि ती नंतर निवांत येऊन बसते? तुमच्याच हिशेबाने काकांचा क्रमही पाण्यात.

बिनसाखरेचा:
सकाळी केर, संध्याकाळी ओल्या फडक्याने डस्टिंग, मधल्या वेळात पंखा बंद. हो, खरंच. हसा.

सांडगी_मिरची:
मे महिन्यात पंखा बंद?? घरच्यांना माझा नमस्कार सांगा.

लिफ्ट_बंद_आहे:
हे सगळं ठीक, पण आमच्याकडे क्रम मावशी ठरवतात. त्या साडेनऊला येतात, केर-फरशी उरकतात आणि पुढच्या घरी जातात. डस्टिंग त्यांच्या कामात नाही. त्याआधी डबे, शाळेची बस, माझं लॉगइन. त्यामुळे डस्टिंग होतं ते रात्री, म्हणजे केरानंतर. काकांचा क्रम आपोआप पाळला जातो, विज्ञानाचा काही संबंध नाही.

चहा_कमी_दूध:
डस्टिंग "त्यांच्या कामात नाही" हेच तर दुखणं! पूर्वी केर काढता काढता टीपॉयवरून फडकं फिरवायच्या, कोणी वेगळे पैसे मागत नव्हतं. आता केर वेगळा, फरशी वेगळी, डस्टिंग वेगळं, बाथरूमचं तर नावच काढू नका. शिवाय महिन्यातून हक्काच्या सुट्ट्या. नखरे नुसते.

बावीचं_पाणी:
तुमच्या या ब्लॉकमधल्या धुळीला मी धूळ मानतच नाही. आमचं घर रस्त्याला लागून, लाल मातीचा पट्टा. पावसाळा संपला की एक डंपर गेला तरी ओटी गुलाबी. घरात जमीन सारवलेली होती तेव्हा आजी केर काढायच्या आधी हाताने पाण्याचा शिपका मारायची, मग केरसुणी. उडायला धूळच उरायची नाही. लादी आली आणि शिपका गेला, कारण लादीवर चिखल होतो. आणि हो, तो गवताचा फुलझाडू नवीन आणला की पंधरवडाभर स्वतःचाच भुसा पाडत फिरतो. त्या दिवसांत कुठलाही क्रम लावा, काडीचा उपयोग नाही.

लिफ्ट_बंद_आहे:
भुशाला +१. गच्चीत नेऊन कठड्यावर आपटायचा आणि जुन्या कंगव्याने विंचरायचा. शेजारी बघतात, बघू दे.

जास्वंदी_लाल:
@चहा_कमी_दूध, "नखरे" वाचून राहवलं नाही. माझी आई धुणीभांडी आणि केर-फरशी करायची, आमचं शिक्षण त्याच पैशांवर झालं. डस्टिंगचं ऐका.

केरात जमिनीला हात लागतो. डस्टिंगमध्ये लोकांच्या वस्तूंना हात लागतो. आई जिथे कामाला होती त्यातल्या एका घरी शोकेसमध्ये काचेची बदकं होती, एक मोठं आणि त्याच्यामागे पिल्लं. आई शोकेस पुसायची तेव्हा त्या बाई चहाचा कप घेऊन समोर उभ्या राहायच्या. एकदा एका पिल्लाची चोच उडालेली दिसली. आधीच उडाली होती की आईच्या हातून, कुणालाच माहीत नाही. पगारातून पैसे कापले. त्यानंतर आईने कुठल्याच घरी शोकेसला हात लावला नाही, वेगळे पैसे देतो म्हटलं तरी नाही. काही फुटलं, काही सापडेना, की पहिलं नाव तिचंच येतं. ती जोखीम तुम्ही टीपॉयवरच्या फडक्यात फुकट मागताय.

चहा_कमी_दूध:
सगळ्या घरांत असं होत नाही. आमच्या मावशी कित्येक वर्षं आहेत, त्यांच्या मुलीच्या लग्नाला आहेर केलाय आम्ही.

जास्वंदी_लाल:
आहेर केलात, छान. आठवड्याची पगारी सुट्टी देता का?

चहा_कमी_दूध:
इथे धुळीवर चर्चा चालू होती.

तर्री_कमी:
सुट्टी विचारल्यावर एकदम धूळ आठवली! 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, ठाऊक आहे का? पगारवाढ, सुट्टी, आजारपण, तेच सगळं. पुढे 2008 मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. आणि आपण अजून "हक्काच्या सुट्ट्या" हे तक्रार म्हणून लिहितोय. ज्याला क्रमाची इतकी काळजी आहे त्याने केर पण स्वतः काढावा. मी काढतो. वाकून काढल्यावर कळतं की वाद क्रमाचा नसतो, कंबरेचा असतो.

चहा_कमी_दूध:
बरं बाई, बरं बाबा. नखरे शब्द मागे घेतला. आता मला दिवाणखान्यात उभं करून पगारही कापा.

हडसनकाठचा:
भांडण थांबलं असेल तर बोलू का? इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीत घरभर कार्पेट. लादीवर पडलेलं दिसतं तरी, कार्पेटमध्ये पडलेलं आत जिरतं, आणि चालताना पुन्हा वर येतं. त्यामुळे इथे आधी डस्टिंग आणि शेवटी व्हॅक्यूम. काकांचा सल्ला इथे पाळला तर महिनाभर शिंका.

बिनसाखरेचा:
कार्पेटचं मान्य. कार्पेट ठेवणाऱ्यांचं बाकी काही मान्य नाही.

पंख्याच्या वळ्यांवर दुपारभर विचार केला. जळमटं, पंखे आणि कपाटांचे माथे केराच्या आधी हवेत, एवढं मिरचीताईंना देऊन टाकतो. पण हाताच्या उंचीवरचं, म्हणजे टीव्ही, टेबल, शोकेस, हे केरानंतर थोड्या वेळाने, ओलं फडकं घट्ट पिळून. त्याच्या पाठोपाठ फरशी पुसायची, म्हणजे खाली सांडलेलं तेही निघतं. कोरड्या फडक्याने फटकारे मारणाऱ्यांशी मी बोलत नाही.

सांडगी_मिरची:
एवढं देऊन टाकलंत, उपकार झाले. पण वरचं एकदा, मग केर, मग थांबा, मग मधलं, मग फरशी. पाच टप्पे झाले. रोज?

बिनसाखरेचा:
पंखे रोज कोण पुसतं? ते महिन्यातून एकदा.

लिफ्ट_बंद_आहे:
आणि साडेनऊच्या मावशींनी "मग थांबा" या टप्प्यात काय करायचं? जिन्यात बसायचं?

बिनसाखरेचा:
केर आदल्या रात्री तुम्ही काढा, त्या येऊन फक्त फरशी पुसतील.

लिफ्ट_बंद_आहे:
सासूबाई आहेत घरात. दिवेलागणीनंतर केर काढला तर लक्ष्मी जाईल, आणि तिच्या मागोमाग मी.

जास्वंदी_लाल:
आणि आता नुसती फरशीच राहिली म्हणून मावशींचे पैसे कमी करायचे नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवते.