अर्ज फेटाळल्यावर चौकशी घरापर्यंत येते

परदेशात आश्रयाचा अर्ज, म्हणजे ‘मायदेशी छळ होईल, इथेच राहू द्या’ असा अर्ज, ‘फेटाळला की लगेच विमानात बसवतात’ असं काहीजण म्हणतात, ते सरसकट खरं नाही. जर्मनीत साधा नकार असेल तर कोर्टात जायला २ आठवडे मिळतात आणि दावा चालू असेपर्यंत सहसा हलवत नाहीत. ‘उघडउघड निराधार’ असा शेरा असला तर मात्र १ आठवडाच, शिवाय हद्दपारी थांबवायला वेगळा तातडीचा अर्ज. त्यामुळे पत्र आलं की आधी तो शेरा शोधायचा.

पासपोर्ट फेकून दिला की परत पाठवता येत नाही, हे परदेशी पाठवणाऱ्या एजंट लोकांचं पालुपद. त्याने फक्त वेळ जातो. तिकडचं सरकार भारतीय वकिलातीला विचारतं आणि चौकशी घरच्या पत्त्यावर येते. आमच्या अशोक चौकाकडच्या गल्लीत एका पोराबद्दल असाच हवालदार आला होता. आई विड्या वळत बसलेली. फोटो पुढे धरून म्हणाला, “मावशी, हा तुमचाच ना?” रेशनकार्ड, शाळेचा दाखला पाहिला, शेजाऱ्यांना विचारलं. ओळख पटली की एका प्रवासापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट, म्हणजे भारतात परतायला पासपोर्टऐवजी चालणारा कागद, निघतं. आणि हद्दपार झाल्यावर पुन्हा प्रवेशबंदी लागते, ती वेगळीच. देश सोडायला दिलेल्या मुदतीत स्वतःहून परतणाऱ्याला तिकिटासाठी मदतही मिळू शकते. एजंट हे कशाला सांगेल!