इलेव्हेशन (दर्शनी रूप) बघून घर घ्यायचं का छज्जा बघून?

मंगळवारपेठी
मंडळी, भांडण आमच्या घरातलं आहे पण निकाल तुमच्याकडनं पाहिजे. कोल्हापुरात दोन घरं शॉर्टलिस्ट केलीत. एक रमणमळ्यात, नवीन बिल्डिंग, पाचवा मजला, टू बीएचके, काचेचं रेलिंग, ओपन किचन, खाली लॉबी अशी की चप्पल काढून जावं वाटतंय. ६८ लाख, कार्पेट (आतली वापरायची जागा) ६४० चौरस फूट, काम अजून चालू आहे. दुसरं पाचगावला, नऊ वर्षं जुनं रो हाऊस, ५९ लाख, कार्पेट ७९०. पण दिसायला म्हणजे सरळ खोकं, वर पिवळा रंग आणि तो पण उडालेला. बायको म्हणते पहिलं, मी म्हणतो दुसरं, आई म्हणते तुम्ही ठरवा आणि मग तोंड फिरवून बसते. बोला.

छत्रीवाला
रमणमळा म्हटल्यावर पुढचं वाचलंच नाही भावा. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलेलं, २०२१ ला त्याच्याही पुढं. पाचव्या मजल्यावर पाणी येत नाही हे मान्य, पण पार्किंगमधली गाडी, मीटर रूम, लिफ्टची मोटर हे सगळं खालीच असतंय की. आणि उपसा केंद्रं बुडली की दारात पूर आणि नळाला थेंब नाही. आमचे पाहुणे चार दिवस काचेच्या रेलिंगमधनं मस्त व्ह्यू बघत बसलेले, खाली बोट आली तेव्हा उतरले.

गॅलरीप्रेमी
झालं, कोल्हापुरात घराचा विषय निघाला की पहिला प्रतिसाद पुराचाच. अहो पूर दहा वर्षांत किती दिवस? आणि घरात रोज राहायचंय. मी पंधरा वर्षं एका ‘प्रॅक्टिकल’ फ्लॅटमध्ये काढली, सगळं जाग्यावर, भरपूर माळे, भरपूर कपाटं, आणि हॉलला एकच खिडकी ती पण शेजारच्या जिन्याकडं. दुपारी दोनला ट्यूबलाइट. मला कळायचंच नाही की घरी आल्यावर चिडचिड का होते ते. आता गॅलरीवाल्या घरात आलो, हप्ता वाढला पण सकाळचा चहा उन्हात पिते. ‘दिसायला चांगलं’ म्हणजे नुसता भपका असं का धरता? उजेड, उंच छत, डोळ्याला मोकळं वाटणं ही पण गरजच आहे, पुरुष मंडळींना टाकीची लिटरं मोजता येतात म्हणून तेवढंच प्रॅक्टिकल असं नसतंय. वहिनींना माझा पाठिंबा.

छत्रीवाला
दहा वर्षांत किती दिवस म्हणता, नकाशावरच्या पूररेषा बघा, निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा. आपण २००५, २०१९, २०२१ असे मोठे तीन बघितले, वय काय माझं? बाकी उजेडाचं पटलं.

गवंड्याचा_पोरगा
माझा बाप गवंडी, मी सेंट्रिंगचं बघतो, म्हणून थोडं वेगळं बोलतो. त्या पिवळ्या खोक्याला छज्जे आहेत का ते सांगा. आपल्याकडं पाऊस आडवा येतो, वाऱ्यासकट, आणि आजकाल इलेव्हेशन साफ दिसावं म्हणून खिडकीवरचा छज्जा उडवतात. थ्रीडी चित्रात लय भारी. दोन पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातनं ओल आत, प्लास्टर फुगतंय, मग मालक आम्हालाच शिव्या घालतो. आणि पश्चिमेला मोठी काच लावली तर एप्रिलमध्ये हॉलचा भट्टा होतोय, मग जाड पडदे ओढून बसायचं. काचेला पैसे द्यायचे आणि ती झाकायला परत पैसे द्यायचे. ओपन किचनबद्दल तर मी बोलतच नाही.

तांबडा_आधी
मी बोलतो. रविवारी मटणाची फोडणी पडली की सोफ्याला पुढच्या रविवारपर्यंत वास. चिमणी आहे, आवाज करते तेवढीच.

गॅलरीप्रेमी
सरकता काचेचा दरवाजा बसतो ओपन किचनला. अडचणीच शोधायच्या म्हटल्यावर काय, महाराजांचा न्यू पॅलेस बांधताना पण कुणीतरी विचारलं असेल एवढ्या खिडक्या पुसणार कोण.

तांबडा_आधी
तिथं पुसायला माणसं होती ताई 😄

हिशोबी
सौंदर्य राहू दे बाजूला, आकडे बघा. काम चालू असलेल्या घराला ५ टक्के जीएसटी, म्हणजे ६८ लाखावर ३ लाख ४० हजार. रीसेलला शून्य. फरक ९ लाखाचा नाही, साडेबाराच्या जवळ गेला. स्टॅम्प ड्युटी दोन्हीकडं आहेच, फक्त वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर १ टक्का सूट मिळते. आणि ६४० कार्पेट म्हणजे नेमकं काय ते रेराच्या (बिल्डरांवरच्या सरकारी नियमांच्या) कागदावर बघा, बाल्कनी त्यात धरत नाहीत, आतल्या भिंतींची जाडी मात्र धरतात. सॅम्पल फ्लॅटवर जाऊ नका, तिथं बेड मुद्दाम लहान ठेवतात, दारं पण बसवत नाहीत कधी कधी.

पाचगावात_११_वर्षं
सगळे रमणमळ्यालाच धरून बसलेत म्हणून आमच्याकडचं पण सांगतो. पाचगाव उंचावर आहे, पूर नाही, खरं आहे. पण महापालिकेच्या बाहेर, ग्रामपंचायत. पाण्याचं आधी विचारा, किती दिवसाआड येतं, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, आणि हे मालकाला नको, समोरच्या घरातल्या बाईला विचारा. रो हाऊसला जिना असतो, आईचं वय काय? खाली एक बेडरूम आणि टॉयलेट नसेल तर तुमचं ‘प्रॅक्टिकल’ कशाला म्हणायचं? गुडघे गेले की सगळा वरचा मजला माळा होतो. आमचा झालाय.

मंगळवारपेठी
खाली टॉयलेट आहे, बेडरूम नाही 🙁 हे डोक्यातच आलं नव्हतं. काल टेप घेऊन परत दोन्हीकडं गेलो. रमणमळ्यात बेडरूम ९ बाय १० भरली, आमचा लाकडी पलंग ठेवला तर कपाटाचं दार अर्धंच उघडणार. बायको गप्प झाली. मग पाचगावला आईनं हॉलच्या मधोमध उभं राहून पहिल्यांदाच तोंड उघडलं, म्हणाली गौरी कुठं बसवायच्या? समोरच दार, दोन्हीकडं खिडक्या, मोकळी भिंत एकपण नाही. आता मी गप्प. छज्जे मात्र आहेत, दीड फुटाचे.

गवंड्याचा_पोरगा
एक खिडकी बुजवून भिंत करता येते, त्यात काय मोठं नाही. हॉल मोठा असेल तर पार्टिशन टाकून आईला खाली खोली पण निघेल, पण माप बघितल्याशिवाय शब्द देत नाही. रंगाचं तर सोडाच, रंग आठ दिवसांचं काम आहे. रविवारी पाऊस असला तर परत जा, वरच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून बघ, गार आणि चिकट लागली तर मला फोन कर.

गॅलरीप्रेमी
आणि खिडकी बुजवायच्या आधी वहिनींना त्या खिडकीपाशी पाच मिनिटं एकटीला उभं राहू दे.