'सुटलीस ना आता?' : नातं संपल्यानंतरच्या दिवसांचे अनुभव

अकरावीत असताना मी एका मुलाबरोबर होते. चौदा महिने. त्या महिन्यांबद्दल मला फारसं लिहायचं नाही. हात दोनदा उचलला, बाकी सगळं फोनवर. मी कुठे आहे याचा त्याला दर तासाला पुरावा लागायचा. वर्गात आहे म्हटलं की फळ्याचा फोटो पाठवायचा, आणि कोपऱ्यातली तारीख दिसली पाहिजे. आमचे एक सर तारीख लिहायला विसरायचे. मग तास सुरू व्हायच्या आत मीच उठून लिहून यायचे. सरांना वाटायचं, किती शिस्तीची मुलगी आहे.

मग एकदाचं ते संपलं. घरी कळलं, मोठी माणसं बोलली, नंबर ब्लॉक झाला. सगळे म्हणाले, "सुटलीस ना आता?" मलाही तसंच वाटलं. आणि पुढचं दीड वर्ष मी फळ्याचे फोटो काढत राहिले. पाठवायला कुणी नव्हतं, तरी हात आपोआप फोनकडे जायचा. बारावी झाली, सांगली सुटली, पुण्यात आले, तिथल्या वर्गातही तेच. एखाद्या दिवशी काढला नाही तर पोटात गोळा यायचा, संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोलता यायचं नाही. रूममेटने एकदा सहज गॅलरी बघितली आणि विचारलं, "अगं, एवढे कसले फोटो? नोट्स तर दिसत नाहीयेत." खरंच, बऱ्याच फोटोंत फळा कोरा होता. फक्त तारीख.

ते चालू असताना काय झालं, हे विचारणारे पुष्कळ भेटले. नंतर काय होतंय, हे त्या रूममेटशिवाय कुणी विचारलं नाही. म्हणून हा धागा. तुमचं किंवा तुमच्या जवळच्या मुलाचं, मुलीचं 'नंतरचं' लिहा. नाव, गाव, कॉलेज, समोरच्याची ओळख नको. मारहाणीचे तपशीलही नकोत, इथे वाचणाऱ्यांत अजून त्यातून जाणारी मुलं असतील.

एक आई, कोकण

तुझं वाचलं आणि लिहायला बसले. माझ्या लेकीला सतराव्या वर्षी यातून काढली. काढली म्हणते, पण कशी काढली तेही सांगते. कळलं त्या रात्री मी तिला म्हणाले, "आमच्या तोंडाला काळं फासलंस." फोन काढून घेतला. क्लास बंद केला. मैत्रिणींकडे जाणं बंद. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती अगदी हळू म्हणाली, "आई, तो पण हेच करायचा." मी त्यावर तिला गप्प बस म्हटलं. ते मला आजही झोपू देत नाही.

पुढे ती फार शहाण्यासारखी वागायला लागली. "आई, अंघोळीला जाऊ?" "आई, पंखा लावू?" मला बरं वाटायचं, पोर वळणावर आली म्हणून. एकदा तिच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं. ओट्यावरून दूध खाली गळत होतं आणि मी मागून धावले, तर तिने दोन्ही हात डोक्यावर धरले आणि तिथेच खाली बसली. माझ्या हातात फडकं होतं. पुसायला आणलेलं.

त्या दिवशी मी तिच्या बाजूला त्या दुधात बसले. माफी मागितली. तिला लगेच काही वाटलं नसणार, पण मला मागायची होती. नंतर आम्ही सिव्हिलला मानसोपचार विभागात गेलो. आता एकोणीस वर्षांची आहे. परवा मला न विचारता केस कापून आली. मी आत जाऊन रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

मुलगा, डोंबिवली

मुलग्यांनी लिहिलं तर चालेल ना? मी कबड्डी खेळायचो. ती माझ्याच वर्गातली. प्रॅक्टिसला गेलो की मेसेज यायचा, "आत्ता आला नाहीस तर मी जिवाचं काहीतरी करून घेईन." मी मैदानातून तसाच निघायचो, पायाला माती असायची. जिल्ह्याच्या निवड चाचणीच्या दिवशीही निघालो. ती नखं मारायची, चावायची. दंडावरच्या खुणा बघून मित्र म्हणायचे, "भारी आहे रे, केवढं प्रेम करते." घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "पोरीच्या हातचा मार खाल्लास?" त्यानंतर मी कुणालाच सांगितलं नाही.

सुटलो त्याला तीन वर्षं झाली. ती बरी आहे, दुसऱ्या शहरात शिकते. पण रात्री फोन थरथरला की मी उठून बसतो. आधी वाटतं, तिने काहीतरी केलं. पहिलं वर्षभर फोन पोह्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवून झोपायचो. मग डब्यातूनही आवाज येतोय असं वाटायचं, उठून झाकण उघडून बघायचो. फोन बंद असायचा.

पुन्हा मैदानावर अजून गेलो नाही. शूज ठेवलेत.

समुपदेशक, पुणे

मुलं माझ्यासमोर बसून एकच प्रश्न विचारतात, "संपलंय, मग अजून असं का होतंय? मी वेडी आहे का?" म्हणून थोडं लिहिते.

सतत धोक्यात राहिलेलं शरीर धोक्याच्या खुणा पाठ करतं. गाडीचा हॉर्न, एखाद्या डिओचा वास, मेसेजचा टोन. धोका गेला तरी ते पाठांतर राहतं. त्यामुळे तीच खूण पुन्हा आली की विचार करायच्या आत छाती धडधडते, हातपाय गार पडतात. वरच्या आईंच्या मुलीने हात डोक्यावर घेतले तेव्हा ती तुम्हाला घाबरली नव्हती ताई, तिचं शरीर मागच्या वर्षात होतं. वाईट स्वप्नं, दचकणं, ठरावीक रस्ते टाळणं, सगळं बधिर वाटणं हे महिन्याहून जास्त टिकलं आणि अभ्यास, झोप बिघडवू लागलं, तर मनाच्या आघातावर उपचार करणाऱ्या माणसाकडे जा. 'वेळ हेच औषध' म्हणून थांबू नका. यावर खास उपचार आहेत, आणि त्यांत पहिल्याच भेटीत सगळं सांगायला लावत नाहीत.

कायद्याबद्दल एक गोष्ट, कारण तिच्यामुळे मुलं येतच नाहीत. १८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे आम्हाला ते पोलिसांना कळवावंच लागतं. मी हे मूल बोलायला लागण्याआधी सांगते. काय माझ्यापाशी राहील आणि काय राहू शकत नाही, हे त्याला आधी कळायला हवं. ज्या मुलांचा शब्द आधीच एकदा मोडला गेलाय, त्यांच्याशी तरी आपण असं वागू नये.

मी, सतरा वर्षं

गेला महिनाभर वाचतेय. तो वाईट होता हे मला माहितेय. तरी मला त्याची आठवण येते. मार विसरायला होतो आणि पावसात कणीस आणून दिलं होतं तेच आठवतं. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, मग जा परत. आणि तो आता म्हणतोय, बोलली नाहीस तर आपले चॅट आणि फोटो पप्पांना पाठवीन. पप्पा मला मारून टाकतील. मला कुणाला काही सांगायचं नाहीये, फक्त इथे लिहायचं होतं.

धागाकर्ती

बाळा, बरं झालं लिहिलंस.

आठवण येते यात तुझं काही चुकत नाही. मला दोन वर्षं यायची. दहा दिवस उपाशी ठेवून अकराव्या दिवशी जो घास देतो, त्या घासाची चव फार दिवस राहते. कणीस आठवलं म्हणून मार खोटा ठरत नाही.

आता धमकीचं. फोटो तू स्वतः दिले असलेस तरी त्यावरून धमकावणं हा गुन्हा आहे, आणि तो त्याचा आहे, तुझा नाही. चॅट पुसू नकोस, रागाने किंवा भीतीनेही नाही. स्क्रीनशॉट काढ, नंबर आणि तारीख दिसू दे. आई-पप्पांना आत्ता सांगणं जमत नसेल तर दुसरं एक मोठं माणूस शोध: मावशी, आत्या, शाळेतल्या बाई. १०९८ ही चाइल्डलाइन १८ वर्षांखालच्या सगळ्यांसाठी आहे, चोवीस तास आणि फुकट. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांबाबतची तक्रार स्वतःचं नाव न देताही नोंदवता येते. आणि रात्री एकटीला फार जड झालं तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं. मी स्वतः एकदा तिथे फोन केलाय, पहाटे तीनला. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही.

इथे पुन्हा लिही. दोनच शब्द लिहिलेस तरी चालेल.

शिक्षिका, लातूर

आमच्याकडे मुलं नीटच्या तयारीसाठी गावोगावहून येतात, खोल्या करून राहतात. एका मुलीचे मार्क घसरत गेले. आम्ही स्टाफरूममध्ये म्हणालो, ब्रेकअप झालंय, होईल नीट. ती रोज दाराजवळच्या बाकावर बसायची, दप्तर पाठीवरून काढायची नाही. मला ते दिसत होतं आणि मी विचारलं नाही. २०२२ पासून शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती करायची आहे, पण समितीचा फलक लावून मूल बोलत नाही, त्याला एक चेहरा लागतो. आता कुणी दाराजवळ बसायला लागलं की मी तासानंतर थांबते. बस, इतकंच करते.

मी दुसऱ्या बाजूचा

लोकेशन मागणारा मी होतो. मी त्याला काळजी म्हणायचो आणि मला ते खरंच वाटायचं. एकदा तिला ढकललं. मी तेव्हा अठरा, ती सतरा. ती गेल्यावर वर्षभर मी सगळ्यांना सांगत फिरलो की तिने मला फसवलं. तेही मारच होता हे उशिरा कळलं. तिला माफीचा मेसेज लिहून ठेवला होता, कितीतरी वेळा सुधारलेला. समुपदेशक म्हणाले, "तिच्या स्क्रीनवर तुझं नाव उमटलं की तिचं काय होईल?" नाही पाठवला. तिच्याबद्दल ज्यांना खोटं सांगितलं होतं, त्यांना एकेकाला फोन करून खरं सांगितलं. काहींनी फोन ठेवला.

धागाकर्ती

हा प्रतिसाद ठेवायचा की नाही यावर दोन दिवस विचार केला. वाचताना माझे हात गार पडले. ठेवते आहे. ज्यांना त्रास होईल त्यांनी पुढे जा, कुणीही त्याला माफ करण्याची गरज नाही.

तिची मैत्रीण

मला झालेलं नाही, माझ्या मैत्रिणीला झालं. आम्ही पाचवीपासून एका सायकलवर जायचो, चढ आला की आलटून पालटून मारायची. त्याने सांगितलं म्हणून दहावीच्या सुट्टीत तिने माझ्याशी बोलणं तोडलं. मी इतकी चिडले की तिचं सगळं संपल्यावरही गेले नाही. म्हटलं, तेव्हा मी नको होते ना. चार वर्षं.

हा धागा वाचून गेल्या रविवारी मेसेज केला. कशी आहेस, एवढाच. रात्री उशिरा उत्तर आलं, "तुझी सायकल आहे अजून?"

सायकल भंगारात गेली होती. मी "आहे" लिहिलं. शनिवारी तिच्या गावी जातेय, दादाची मागून घेतली आहे.