मदत हवी आहे : घन इंधनाचं रॉकेट वर्गात कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. मी सिंदेवाही तालुक्यात सातवीला विज्ञान शिकवतो. 2 एप्रिल 2022 ला लाडबोरीत आभाळातून धातूचं भलं मोठं कडं पडलं, रॉकेटचाच तुकडा असावा, तेव्हापासून पोट्ट्यांचे रॉकेटचे प्रश्न थांबत नाहीत.

द्रव इंधनाचं समजावता येतं: दोन टाक्या, पंप, झडप बंद केली की इंजिन बंद. अडतं ते घन इंधनापाशी. ते एकदा पेटलं की विझवता येत नाही, मग जोर कमी-जास्त कसा? घन इंधनाच्या नळकांड्यात मधोमध आरपार पोकळी असते आणि इंधन तिच्या कडेपासून बाहेर जळत जातं. पोकळीच्या आकारावर जळणारा पृष्ठभाग ठरतो, आणि तो जितका मोठा तितका जोर जास्त, म्हणून गोल पोकळीत जोर वाढत जातो, चांदणीसारखीत बराचसा सारखा राहतो. हे आग न लावता कसं दाखवू? बटाटा कोरून पाहिला, पोरांना पटलं नाही. कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.