क्रोशाच्या टोपीवरचे स्पेस इन्व्हेडर्स तिरके होतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, क्रोशावाल्यांना एक अडचण विचारायची आहे, जरा लांबण लागेल.

दादा जानेवारीत मित्रांबरोबर स्पितीला चाललाय, त्याच्यासाठी स्पेस इन्व्हेडर्सची टोपी विणायला घेतलीये. मुंबईत टोपी कोण घालतं, पण तिकडे लागणारच आणि हा गेम म्हणजे त्याचा जीव की प्राण. 1978 चा गेम आहे पण अजून ट्रेनमध्ये मोबाईलवर खेळत असतो, त्यामुळे टोपीवर पण अगदी तसंच दिसायला हवं. मूळ मशीनचा स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट होता आणि त्यावर रंगीत पट्ट्या लावल्यामुळे खालचा भाग हिरवा दिसायचा, म्हणून मी पण काळ्यावर पांढरे खेकडे (म्हणजे गेममधले खेकड्यासारखे दिसणारे परग्रहवासी) आणि खाली कानाजवळ हिरवे बंकर (लपायचे आडोसे) असं ठरवलंय.

हिशोब असा आहे. खेकडा 11 पिक्सेल रुंद आणि 8 उंच, एक पिक्सेल म्हणजे एक मुका खांब (सिंगल क्रोशेचा टाका), मध्ये एक टाका मोकळा, म्हणजे 12 ची पट्टी. माथ्यापासून सुरुवात, 6 टाके आणि दर फेरीला 6 वाढवत 84 पर्यंत गेले, त्यात 7 खेकडे बरोब्बर बसतात. घेर साधारण 52 सेंमी येतोय, दादाचं डोकं 55 आहे, ताणून छान बसेल. सुई साडेचार एमएम, दादरहून आणलेली साधी अ‍ॅक्रिलिक लोकर.

आता अडचण. फेऱ्या चढत जातात तसा प्रत्येक टाका उजवीकडे सरकतो आणि आठव्या फेरीपर्यंत खेकडा वाऱ्यात उभा असल्यासारखा कलतो!! दुसरं म्हणजे पांढरा धागा आत धरून नेते तो काळ्यातून डोकावतो, आणि साध्या फेऱ्यांत पांढरा नसतो तिथे टोपी पातळ लागते. रंग बदलताना आधीच्या टाक्याचा शेवटचा वेढा नव्या रंगाने घेतेय, ते ठीक आहे. कोणी असं पिक्सेलवालं काम केलंय का? उसवायची तयारी आहे, पण नीट व्हायला हवं.

प्रतिसाद १:
अगं, तुझा हात चुकत नाहीये, उजव्या हाताने गोल विणताना मुका खांब कलतोच. वरच्या दोन धाग्यांखालून सुई घालतेस ना, त्याऐवजी खालच्या फेरीतल्या टाक्याचा जो इंग्रजी व्ही दिसतो त्याच्या बरोब्बर मधून घाल, पिक्सेल एकावर एक येतात. टाका मात्र आखडतो आणि उंचीला कमी होतो, त्यामुळे सुई एक-दोन नंबर मोठी घे आणि हात सैल ठेव, नाहीतर पुढच्या फेरीत सुई शिरणारच नाही. साध्या फेऱ्यांत काळाच दुसरा धागा आतून चालव, जाडी सगळीकडे सारखी राहते आणि पांढरं डोकावायचा प्रश्नच नाही. खेकड्याच्या फेरीत आतला धागा दर थोड्या टाक्यांनी हलकेच ओढून घे, पण जास्त नको, घेर आवळतो.

प्रतिसाद २:
ते जमलं नाही तर दर फेरी जोडून उलट फिरून विण, एका फेरीचा कल दुसरीत निघून जातो. पण उलट्या फेरीत धागे पुढे येतात आणि टाक्यांची उलटी बाजू दिसते, मला स्वतःला ते नाही आवडत.

मूळ धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघींचे! काल रात्री बसून छोटा नमुना केला, व्हीच्या मधून सुई घातली तर खेकडा ताठ उभा राहिला, आणि डोळ्यांची दोन काळी भोकं इतकी स्वच्छ आली की बघतच बसले. साडेपाचची सुई घेतली तेव्हा कुठे माप जुळलं. माथा साधाच आहे तो ठेवते, खेकड्यांपासून उसवते. आता फक्त एवढं सांगा, हिरव्या बंकरच्या फेऱ्यांत पांढरा धागा कापून टाकू की आत चालूच ठेवू?