मदत हवी आहे: सावंतवाडी-शिरोडा दोन दिवसांत होईल का?

पिंपळपान: आजच तिकिटं काढायची आहेत, लवकर सांगा. आईला शिरोड्याची वि. स. खांडेकरांची शाळा बघायची आहे, शिवाय मोती तलाव. मुक्काम सावंतवाडीला करू की वेंगुर्ल्याला?

कातळफूल: कुठून येताय? कोणत्या दिवशी? गाडी आहे का? आईंना कितपत चालवतं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

दर्यावर्दी: वेंगुर्ल्यालाच राहा. सागरेश्वरचा किनारा शांत आहे. शिवाय पाडगावकरांचं जन्मगाव! आम्ही चार दिवस राहिलो, पाय निघत नव्हता.

जुनीवही: खांडेकरांसाठी कोल्हापूर गाठा. शिवाजी विद्यापीठात त्यांचं संग्रहालय आहे. येताना मालगुंडचं केशवसुत स्मारकही करा.

कातळफूल: जुनीवही, मालगुंड गणपतीपुळ्याजवळ, ते कुठल्या वाटेवर? आणि खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्यात शिकवत होते, कोल्हापूर त्यानंतरचं. ताईंच्या आईंना शाळा बघायची आहे.

जुनीवही: हस्ताक्षर, वापरातल्या वस्तू बघून लेखक जास्त कळतो, असं माझं मत आहे.

पिंपळपान: ठाण्याहून रेल्वेने. शनिवारी सकाळी पोहोचू, रविवारी रात्री परत. आई ७४ वर्षांची, गुडघे दुखतात. शाळेत असताना तिने खांडेकरांची वाक्यं एका वहीत उतरवली होती. जांभळी शाई आता फिकी पडलीय, पण वही उशाशी असते. तीच घेऊन जायचंय तिला.

मळगावकर: ताई, रविवारी शाळा बंद. शनिवारची शाळा सकाळची, तुम्ही पोहोचेपर्यंत सुटेल. परतीचं तिकीट सोमवार रात्रीचं काढा. सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाही, आमच्या मळगावात आहे, रिक्षा आधीच ठरवा. शनिवारी सावंतवाडीत राहा. तलाव १८७४ चा, समोर राजवाडा. संध्याकाळी काठावर बसायला आईंना बरं वाटेल. जवळच चितारआळीत लाकडी खेळणी. रविवारी दुपारी वेंगुर्ला, सोमवारी सकाळी शिरोडा. शाळेत आधी फोन करून विचारा, वर्ग चालू असतात.

दर्यावर्दी: म्हणजे मुक्काम वेंगुर्ल्याला, मी तेच म्हणत होतो. शिरोड्याला लागून आरवली, जयवंत दळवींचं गाव. वेतोबाला केळ्यांचा घड वाहतात, तो न्या.

मिठागर: शिरोड्यात १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला होता. त्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?

पिंपळपान: सोमवारची रजा टाकली. परतीचं वेटिंग १२ दाखवतंय, काढून ठेवते. मळगावकरदादा, शाळेत वर्गापर्यंत जायला पायऱ्या आहेत का?